मापाच्या आतली मोकळीक

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात, चष्म्याची घरे आणि वीजबिलांच्या पावत्या यांच्या सोबतीने, वीतभर लांबीची एक पोलादी दांडी गेली कित्येक वर्षे पडून आहे. तिचे एक टोक लांब, दुसरे आखूड. आखूड टोकाशी असलेला तांबड्या रंगाचा पट्टा आता नखाएवढा उरला आहे. ज्या भोकाचे माप तपासावयाचे त्यात लांब टोक आपल्याच वजनाने अलगद उतरले पाहिजे, आणि आखूड टोक कितीही आर्जव केले तरी त्यात शिरता कामा नये, एवढाच या दांडीचा कायदा. लांब टोकास ‘गो’ म्हणतात, आखूड टोकास ‘नो-गो’. निकामी सामानाच्या एका लिलावात भंगाराच्या भावाने ती मला मिळाली, आणि ज्या माणसाने आयुष्याची एकतीस वर्षे अशा दांड्या भोकांत घालण्यात आणि काढण्यात वेचली त्याच्याच खणात ती विसाव्याला यावी, यात मला औचित्य वाटले.

बाहेरच्या मराठी माणसाला जबलपूर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे आणि धुवांधारमुळे ठाऊक असते. आम्हा इथल्यांना ते भोंग्याचे गाव आहे. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, १९४२ मध्ये खमरियाला दारूगोळ्याचा निघाला, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली. आणि नागपूर, अमरावती, भंडारा या बाजूंनी पोटामागे आलेली मराठी कुटुंबे, ज्यांच्या कितीतरी आधी भोसल्यांच्या अमदानीत आलेल्यांचे वंशज या गावात नांदत होतेच, या कारखान्यांच्या हजेरीपटावर चढली. माझे वडील त्यांपैकी एक. १९५९ मध्ये ‘शक्तिमान’ ट्रक गन कॅरेज फॅक्टरीतून प्रथम बाहेर पडला, त्या दिवसाचे वर्णन ते इतक्या वेळा आणि इतक्या तपशिलाने करीत की तो आपणच पाहिला असा मला लहानपणी भास होई. पुढे ‘जोंगा’ आली. हे नाव ऐकून परक्या माणसाला ते एखाद्या दूरदेशीच्या जनावराचे वाटते, पण ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते सिद्ध झालेले आहे. जपानी ‘निस्सान पॅट्रोल’ गाडीचा आराखडा, सहा सिलिंडरांचे ३९५६ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, आणि त्यावर आमच्या गावाचे नाव. जोंगा रस्त्याने गेली की आम्ही मुले थांबून तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत असू, आणि आपल्या आळीतल्या कोणाच्या हातचा कोणता भाग तिच्यात आहे यावर आमची भांडणे होत.

अशा गावात वाढलेल्या माणसाला मापाविषयी एक प्रकारची भक्ती जडते. पण जी गोष्ट मला नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत कोणी सांगितली नाही, आणि जी मी एका वृद्ध खराद्याकडून, लेथला आमच्याकडे खराद म्हणतात, शिकलो, ती ही की माप म्हणजे बिंदू नव्हे, माप म्हणजे एक अरुंद पण खरीखुरी जागा आहे. आराखड्यावर पन्नास मिलिमीटर लिहिलेले असते आणि त्यापुढे बारीक अक्षरांत इतका अधिक, इतका उणा असे लिहिलेले असते. त्या अधिक-उण्याच्या दरम्यान जे काही येते ते सारे कायदेशीर, सारे पन्नासच. हा खरादी आपले प्रत्येक भोक त्या जागेच्या एकाच कडेला, खालच्या कडेला, आणून ठेवीत असे. ‘गो’ टोक त्याच्या भोकात उतरे, परंतु असे काही रेंगाळत उतरे की नवख्या तपासनिसाला तो माल नामंजूर करण्याचा मोह व्हावा. मलाही झाला. मी त्याला खुलासा विचारला तेव्हा त्याने हात पुसले आणि शांतपणे म्हटले, “साहब, कागज़ ने जितनी जगह दी है, उतनी ही तो ली है।” मागून कळले ते असे की भोक वापराने मोठे होत जाते, ज्याचा जन्म खालच्या कडेला झाला त्याला झिजायला अधिक वाव, म्हणून त्याचे आयुष्य अधिक. आराखडा काढणाऱ्याने जी मोकळीक यंत्राच्या चुकांसाठी ठेवली होती ती या माणसाने वस्तूच्या दीर्घायुष्यासाठी वापरली. नियम त्याने मोडला नव्हता, वाकवलाही होता असे मला म्हणवत नाही. तो त्याने शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला होता.

हे सारे मला पुन्हा आठवण्याचे कारण माझा भाचा.

त्याच्या वडिलांनी हौसेने घेतलेली यामाहा आरएक्स १०० त्याच्या वाट्याला आली तेव्हा तिचे वय त्याच्याहून अधिक होते. १९८५ च्या सुमारास आपल्या रस्त्यांवर आलेली आणि १९९६ मध्ये जिची निर्मिती थांबली ती ही टू-स्ट्रोक दुचाकी आजच्या तरुणांना का वेड लावते याचा उलगडा तिच्या कागदावरच्या आकड्यांवरून होत नाही; अवघी अकरा अश्वशक्ती. पण शंभर किलोंच्या आतबाहेरच्या देहात ती अकरा अश्वशक्ती अशी एकदम जागी होते की बसणाऱ्याला मागच्या मागे राहून गेल्यासारखे वाटते. भाच्याने तिच्यावर ड्रॅग रेसिंग करावयाचे ठरविले. हा प्रकार ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, दोन वाहने, एक सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर, समोरच्या खांबावर क्रमाने उतरत येणारे पिवळे दिवे आणि मग हिरवा. वळण नाही, डावपेच नाही, पंधरा-वीस सेकंदांत जे काय व्हावयाचे ते होऊन जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ओस पडलेल्या विमान-धावपट्ट्यांवर हा खेळ वाढला. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी त्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली आणि १९५५ मध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड येथे भरली, तीही धावपट्टीवरच. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी कित्येक दशके मोटारशर्यतींचे माहेरघर होती, आणि अलीकडच्या काळात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर असे मेळे भरले. विमानांसाठी आखलेल्या सरळ रेषेवर माणसांनी जमिनीवरूनच उडू पाहावे, ही कल्पना मला फार हृद्य वाटते.

भाच्याला ज्या हौशी स्पर्धेत उतरावयाचे होते तिच्यात वर्ग होते, आणि त्याने धरलेला वर्ग ‘मूळ स्थितीतील’ यंत्रांचा होता. त्या वर्गाच्या नियमांचा छापील कागद घेऊन तो एका रविवारी माझ्याकडे आला. मसुदा दीड पानाचाच होता, पण कलमे आणि पोटकलमे पाडून व्यवस्थित केलेला. हेड खरवडता येणार नाही. पोर्टांना कानस लावता येणार नाही. कार्बोरेटर आणि सायलेन्सर मूळचेच असले पाहिजेत. झिजेपोटी बोअर एक मिलिमीटरपर्यंत वाढविण्याची मुभा राहील. इंजिन उघडल्यास नवे पॅकिंग घालण्यास हरकत नाही. “मामा, तुम्ही आयुष्यभर तपासलंत,” तो म्हणाला, “आता हे तपासा.”

मी तपासले. पहिली जागा तर डोळ्यांसमोरच होती. आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, पन्नास मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही पन्नासच. हिशेब केला तर तिचे आकारमान ९८ घन सेंटिमीटरांच्या किंचित वर भरते. आता झीज झाली म्हणून मिस्त्री बोअर वाढवितो, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मोठा पिस्टन घालतो, आणि चौथ्या पायरीवर तेच इंजिन १०२ च्या पुढे जाते. म्हणजे ज्याने आपले इंजिन नीट सांभाळले, वेळच्या वेळी तेल घातले, त्याचे ९८. आणि ज्याने ते झिजवून झिजवून शेवटच्या पायरीला आणले त्याचे १०२. नियम करणाऱ्याच्या मनात गरीब स्पर्धकाविषयी कणव होती, जुने इंजिन असलेल्याला बाहेर काढू नये ही सद्भावना होती; त्या सद्भावनेतून चार घन सेंटिमीटरांची वाट निघाली. भाच्याने बरा असलेला सिलिंडर सरळ शेवटच्या पायरीपर्यंत बोअर करवून घेतला. झिजेपोटी, असे कलमात होते. झीज किती असावी हे कलमात नव्हते.

दुसरी जागा त्याने स्वतः शोधली, आणि तिच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिच्यासारखी सुंदर गोष्ट मी कारखान्यातही क्वचित पाहिली. अशा टू-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वरखाली जाणारा पिस्टनच त्यांना उघडतो आणि मिटतो. जळलेला वायू बाहेर सोडणारी खिडकी जरा वर असती तर ती जरा आधी उघडली असती, आणि इंजिन वरच्या फेऱ्यांना अधिक मोकळेपणाने श्वास घेऊ लागले असते. म्हणून शर्यतवाले ती खिडकी कानशीने वर वाढवितात. नियमाने कानस निषिद्ध केलेली. भाच्याने खिडकीला हात लावला नाही. त्याने अख्खा सिलिंडरच उचलला. सिलिंडर ज्या पायावर बसतो तेथे कागदी पॅकिंग असते. त्याने त्याखाली आणखी एक जाड पॅकिंग घातले, आणि पाऊण मिलिमीटरहून किंचित अधिक अशा उंचीने सिलिंडर आपल्या सर्व खिडक्यांसह वर गेला. पन्नासच्या स्ट्रोकमध्ये एवढ्या उंचीचा अर्थ असा की ती खिडकी दोनेक अंश आधी उघडते आणि तितकीच उशिरा मिटते. पण मग वर पिस्टन आणि हेड यांच्यातली जागा वाढून दाब कमी होणार. आणि हेड खरवडण्यास मनाई. त्याने हेडलाही हात लावला नाही. गावातल्याच रांझी भागातल्या एका खरादावर त्याने सिलिंडरचा वरचा काठ, जितका तो खालून उचलला होता बरोबर तितकाच, तासून घेतला. त्या काठाविषयी दीड पानांत एक अक्षर नव्हते.

त्या रात्री अंगणात, दिव्याखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर, आम्ही दोघांनी मापे घेतली. पिस्टन वरच्या टोकाला येतो तेव्हा हेडपासून किती अंतर उरते हे पाहावयाची जुनी रीत अशी की प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार आत सरकवायची, हाताने फेरा देऊन पिस्टन तिच्यावर आणायचा, आणि चपटी होऊन निघालेली तार मायक्रोमीटरने मोजायची. तारेचे टोक दाबले जाऊन एखाद्या पाकळीसारखे पसरते. आम्ही चार बाजूंनी चार वेळा तार घातली. चारही पाकळ्यांची जाडी दोन-तीन शतांशांच्या आत सारखी आली. मूळ इंजिनाचे घेतलेले माप वर्तमानपत्राच्या समासात आधीच लिहिलेले होते, आणि तेही तेच होते. दाब जसाच्या तसा, हेड जसेच्या तसे, खिडक्या जशाच्या तशा. बदलले होते ते सारे या तिघांच्या मधल्या नात्यात. भाचा काही बोलला नाही. त्याने त्या चारही तारा एका काड्यापेटीत घालून ठेवल्या.

विल्यम टेलर नावाच्या इंग्रज उपकरणकर्त्याने १९०५ मध्ये मापदंडांविषयी एक तत्त्व मांडले, जे आम्हा तपासनिसांना पाठच करावे लागे. ‘गो’ दांडीने वस्तूचे सारे रूप एकसमयावच्छेदे तपासावे, आणि ‘नो-गो’ने एका वेळी एकच माप. मी हे तीस वर्षे घोकले, आणि त्याचा अर्थ त्या अंगणात मला नव्याने कळला. परवानगी समग्र असते. निषेध एकेकटा असतो. कानस नको, हा एक निषेध. खरवडणे नको, हा दुसरा. प्रत्येक आपापल्या एका मापावर पहारा देतो, आणि दोन पहारेकऱ्यांच्या मधून जी वाट जाते तिच्यावर कोणीच उभा नसतो. कितीही कलमे वाढविली तरी ही वाट बुजत नाही, कारण प्रत्येक नवे कलम आपल्या दोन्ही बाजूंना एकेक नवी फट घेऊन जन्माला येते. यात नियम करणाऱ्यांचा दोष मला दिसत नाही. निषेधाची घडणच तशी आहे.

अमेरिकेतल्या या खेळाचा इतिहास पाहिला तर तो या फटींचाच इतिहास आहे, असे म्हणण्याइतकी त्यात सामग्री आहे. तिथल्या ‘स्टॉक’ वर्गांत मोटारीचे वजन भागिले कारखान्याने जाहीर केलेली अश्वशक्ती असा हिशेब करून वर्ग ठरत असे. तेव्हा कारखान्यांनी काय करावे? अश्वशक्ती कमी जाहीर करावी. १९६८ मध्ये फोर्डने आपले ४२८ कोब्रा जेट इंजिन अवघ्या ३३५ अश्वशक्तीचे म्हणून दप्तरी नोंदविले, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पोमोना येथे त्या मोटारीने सुपर स्टॉकचे विजेतेपद मिळविले. तिची खरी ताकद त्याहून पुष्कळ अधिक आहे हे सर्वांस ठाऊक होते, आणि पार्क्स यांच्या संस्थेला पुढे अशा इंजिनांची अश्वशक्ती स्वतःच्या अदमासाने नव्याने ठरवावी लागली. कोणी शर्यतीसाठी चक्क कुटुंबवत्सल स्टेशन वॅगन निवडली, कारण तिचे ओझे मागच्या चाकांवर अधिक पडते आणि सुटताना चाके फिरत राहत नाहीत; जिच्यातून बाजारहाट करावयाचा तिने धावण्याच्या गाड्यांना मागे टाकले, आणि एकही कलम दुखावले नाही. १९६५ मध्ये क्रायस्लरने आपल्या काही गाड्यांचे दोन्ही आस पुढे सरकविले, म्हणजे वजन मागे जावे. संस्थेने त्यांना आपल्या वर्गांत घेण्याचे नाकारले, लोक त्यांच्या विचित्र आकाराला हसले, आणि त्या हसण्यातून ‘फनी कार’ हे नाव पडून पुढे तो एक स्वतंत्र, मान्यताप्राप्त वर्ग झाला. वाकविलेल्या नियमाची वहिवाट पडली की तिचाच नवा नियम होतो, हे आपल्या जुन्या महसुली दप्तरांनाही अपरिचित नाही.

आणि या सर्व उचापतींच्या तळाशी एक शब्द आहे, ज्याने मला त्या वृद्ध खराद्याची आठवण करून दिली: ‘ब्लूप्रिंटिंग’. यात काहीही बदलावयाचे नसते. कारखान्याच्या आराखड्याने प्रत्येक भागाला जी अधिक-उण्याची मोकळीक दिलेली असते, तिच्या ज्या कडेला वेग आहे त्या कडेला एकेक भाग आणून बसवायचा. शंभर भाग, शंभर शतांश, आणि सगळे कायद्याच्या आत. कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंजिनात या कडा सरमिसळ असतात, काही लाभाच्या, काही तोट्याच्या, आणि सरासरी ते मध्यम निघते. ज्यात प्रत्येक कड लाभाची आहे असे इंजिन कारखान्यातून योगायोगाने लक्षांत एखादे निघेल. हौशी माणूस महिनोन् महिने खपून ते एकच घडवितो.

स्टॉक कार शर्यतींमधल्या स्मोकी युनिकची एक कथा या विषयावर बोलणारे हमखास सांगतात. नियमाने टाकीचे माप बांधून दिले होते, नळीविषयी काहीच नव्हते; म्हणून याने म्हणे अकरा फूट लांब आणि दोन इंच व्यासाची पेट्रोलची नळी घातली आणि तिच्यात पाच गॅलन जादा पेट्रोल नेले. सवयीने मी हिशेब केला. एवढ्या नळीत पावणेसात लिटरच्या आसपास मावते. पाच अमेरिकी गॅलन म्हणजे जवळजवळ एकोणीस लिटर होतात. तेव्हा नळी खरी मानली तरी कथा तिच्यात मावत नाही. मला यामुळे त्या माणसाविषयी कमी वाटले नाही. पण ज्या गोष्टी मोजता येतात त्या मोजल्यावाचून सांगू नयेत, एवढे वाटले.

आपल्याकडे हे सारे अगदी नवे आहे काय? आजोळी, वऱ्हाडात, माघाच्या दिवसांत शंकरपट भरत असे. दोन जोड्या, सरळ पट, आणि घड्याळ. ज्याने शंकरपट पाहिला आहे त्याला ड्रॅग रेसिंग समजावून सांगावे लागत नाही. पश्चिम महाराष्ट्राकडच्या बैलगाडा शर्यतींत तर वर्गही असतात, आणि ते दातांवरून ठरतात. ज्याचे दुधाचे दात पडले नाहीत तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. त्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ती कायम केली, हा निराळा आणि मोठा विषय. जनावराच्या यातनेचा प्रश्न इंजिनाला लागू होत नाही, आणि म्हणूनच ही तुलना मी फार ताणणार नाही. मला सांगावयाचे ते एवढेच की तक्रार झाली की तिथेही बैलाचे तोंड उघडतात. चार माणसे धरतात, एक जाणता ओठ वर करतो, आणि सगळे वाकून पाहतात. न्याय तिथे तोंडाच्या आत असतो, आणि तो सर्वांच्या देखत पाहावयाचा असतो.

स्पर्धेच्या दिवशी मी बरोबर गेलो होतो. हिवाळ्याची सकाळ, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना वाळलेले गवत, आणि हवेत टू-स्ट्रोक तेलाचा तो गोडसर, निळा धूर, जो एकदा तारुण्यात ज्याने घेतला त्याला जन्मभर ओळखता येतो. भाचा एकामागून एक फेऱ्या जिंकत अंतिम फेरीत आला, आणि तीही त्याने सेकंदाच्या एका दशांशाहून कमी फरकाने जिंकली. हरलेला मुलगा सिवनीच्या बाजूचा होता. एकटाच आला होता, गाडी टेम्पोत घालून. त्याने गाडीजवळ येऊन, गुडघ्यावर बसून, सिलिंडरच्या पायथ्याशी बराच वेळ पाहिले. मग उठून तो सरळ पंचांकडे गेला आणि हरकतीची रक्कम भरून त्याने लेखी अर्ज दिला. पॅकिंगची कड त्याला जाड दिसली होती. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत इतकी चांगली नजर मी फार थोड्या जणांत पाहिली.

इंजिन उघडले. भाच्याने ते स्वतः उघडले, कोणी सांगण्याची वाट न पाहता, आणि प्रत्येक भाग फडक्यावर ओळीने मांडला. पंचांनी बोअर मोजला, हेड मोजले, खिडक्यांवर कानशीची खूण शोधली. मग दोन्ही पॅकिंगे हातात घेऊन नियमांचा कागद पुन्हा पुन्हा वाचला. अखेरीस त्यांनी फैसला दिला की नवे पॅकिंग घालण्यास मुभा आहे आणि संख्येविषयी नियम मुग्ध आहे, सबब निकाल कायम. तो बरोबरच होता. तरीही मी मान खाली घातली, कारण समोर तो मुलगा उभा होता, ज्याचे इंजिन खरोखरच मूळ स्थितीतले होते, आणि ज्याच्या घरी मायक्रोमीटर असलेला मामा नव्हता. नियमातली फट सर्वांना सारखीच उघडी असते असे आपण म्हणतो. पण तिच्यातून जाण्यासाठी खराद लागतो, तो चालविणारा ओळखीचा लागतो, रविवारची सबंध दुपार लागते. या गोष्टी दीड पानाच्या मसुद्यात येत नाहीत. भाच्याच्या बुद्धीचा मला अभिमान होता आणि आजही आहे, पण त्या बुद्धीच्या पाठीशी माझी दांडी, माझी तार आणि माझी एकतीस वर्षे उभी होती, आणि त्यांचा उल्लेख कोणत्याही कलमाखाली कोणी केला नव्हता.

त्याच मेळ्यात दुसऱ्या एका वर्गात एका गाडीच्या सिलिंडरवरचा मूळ क्रमांक घासून दुसरा ठोकलेला सापडला, आणि तिचा मालक इंजिन उघडण्याची वेळ येताच गाडी घेऊन निघून गेला. त्या दोन कृत्यांत मी फरक मानतो, आणि तो केवळ कलमाचा मानत नाही. एकाने दाखविण्याजोगे केले होते, दुसऱ्याने लपविण्याजोगे. पण ‘दाखविण्याजोगे’ या शब्दाने मनातली सगळी टोचणी जाते असे मात्र नाही. तसे असते तर मी त्या मुलासमोर मान ताठ ठेवू शकलो असतो.

त्यानंतर जे झाले ते मी सांगितले नव्हते, सुचविलेही नव्हते. भाचा फडक्यावरून उठला, दोन्ही पॅकिंगे आणि तासलेला सिलिंडर घेऊन त्या मुलाकडे गेला, आणि धावपट्टीच्या डांबरावर खडूने सिलिंडरची उभी छेदाकृती काढून त्याला सर्व समजावून सांगू लागला: खिडकी कुठे होती, कुठे आली, वरून किती तासले आणि का. मुलगा आधी उभा राहून ऐकत होता; मग बसला; मग त्याने भाच्याच्या हातातला खडू घेतला आणि आकृतीत एका जागी खूण करून काही विचारले. मी दुरून पाहत होतो. प्रश्न मला ऐकू आला नाही, पण भाचा थांबला आणि विचारात पडला एवढे दिसले.

पुढल्या वर्षीच्या मसुद्यात सिलिंडरच्या पायाशी एकच पॅकिंग आणि सिलिंडरची उंची मूळ मापाची, अशी दोन पोटकलमे वाढली. भाच्याने ती मला वाचून दाखविली तेव्हा त्याचा चेहरा एखाद्याने आपले नाव छापून आलेले पाहावे तसा झाला होता. तो आता नव्या सिलिंडरच्या शोधात होता.

श्रावणातल्या एका संध्याकाळी, पाऊस नुकता उघडला असताना, फाटक वाजले. सिवनीकडचा तो मुलगा बसने आला होता. काखेत पोत्यात गुंडाळलेला सिलिंडर, आणि पोते ओले होऊ नये म्हणून त्यावर स्वतःचा रेनकोट. “मामाजी, नाप लेना है,” तो म्हणाला. मी अंगणातला दिवा लावला, वर्तमानपत्र पसरले, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल पुसून डायल गेज आत उतरविला. वर, मध्ये, खाली; मग सिलिंडर नव्वद अंशांत फिरवून पुन्हा वर, मध्ये, खाली. पन्नास पूर्णांक सत्तावीस शतांश, आणि खाली जरा कमी. त्याने खिशातून दुमडलेला नव्या नियमांचा कागद काढून गुडघ्यावर उलगडला. त्यातल्या तिसऱ्या कलमाखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढलेल्या होत्या. भाच्याला निरोप पाठवून मी समासात आकडा लिहिला, आणि आम्ही पुढचे माप घेतले.